फुटपाथवरची कॉफी आणि बसण्याचा हक्क

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



या सत्राच्या विषयावरून संयोजक मैत्रिणींमध्ये थोडी चर्चा झाली, हे मला कळलं आहे. सकाळी आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसवर बोललो, दुपारी रेशनवर, आणि आता ही बाई व्हिएतनाममध्ये जाऊन कॉफी पिऊन आली त्याच्या गमती सांगणार! चळवळीच्या शिबिरात या चैनीला जागा आहे का, असं एकीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

आमच्या तालुक्याच्या गावी एका मुलीचं कॉलेज बारावीनंतर बंद झालं. अभ्यासात ती मागे नव्हती, फी भरायला पैसेही होते. ती मैत्रिणीबरोबर एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पिताना तिच्या चुलत्याला दिसली, एवढंच कारण. आम्ही घरी गेलो तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, "ताई, चहा घरात मिळत नाही का?" या प्रश्नाला मी तेव्हा कायद्याचं, शिक्षणाच्या हक्काचं उत्तर दिलं. ते त्यांच्या गळी उतरलं नाही. खरं उत्तर वेगळं होतं. चहा घरात मिळतो, पण टपरीवर चहापेक्षा जास्त काही मिळतं. तिथं बसायला मिळतं, येणारंजाणारं जग पाहायला मिळतं, दोन घटका कुणाचं काही करावं लागत नाही. हे पुरुषांना रोज मिळतं आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. त्याबद्दल मला आज बोलायचं आहे, आणि त्यासाठी व्हिएतनामची कॉफी हे चांगलं निमित्त आहे.

मी ६१ वर्षांची आहे. शाळेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले. मुंबईहून व्हिएतनामला आता थेट विमानं जातात. तिकीट काढलं तेव्हा ज्यानं त्यानं एकच विचारलं, "कुणाबरोबर चाललात?" "कशासाठी" हे फार थोड्यांनी विचारलं. आमच्या पिढीला व्हिएतनाम म्हटलं की अमेरिकेशी झालेलं युद्ध आठवतं, ते १९७५ साली संपलं. त्या देशातल्या बायका आज कशा जगतात ते पाहावं, असं बरीच वर्षं मनात होतं. आणि मला कॉफी आवडते, हेही खरंच आहे.

आधी कॉफीबद्दल सांगते, कारण तिच्यात इतिहास भरलेला आहे. व्हिएतनाममध्ये कॉफीचं झाड १८५७ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी नेलं. पुढे फ्रेंचांच्या राजवटीत मळे झाले. फ्रेंचांना कॉफीत दूध लागायचं, पण त्या उष्ण देशात ताजं दूध मिळणं आणि टिकणं दोन्ही अवघड. म्हणून डब्यातलं आटवलेलं गोड दूध, म्हणजे आपलं कंडेन्स्ड मिल्क, आलं आणि ते कायमचं राहिलं. तिथं पिकणारी कॉफी मुख्यतः रोबस्टा जातीची, कडू आणि जोरकस, अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असलेली. त्या कडूपणाला हे गोड दूध बरोबर जुळतं.

करायची रीत साधी आहे. 'फिन' नावाचं एक छोटं धातूचं भांडं असतं. त्याच्या तळाला बारीक भोकं. आत कॉफीची पूड, तिच्यावर दाबायला एक भोकांची चकती, वर झाकण. हे भांडं ग्लासावर ठेवतात. ग्लासाच्या तळाशी बोटभर आटवलेलं दूध असतं. आधी थोडं गरम पाणी घालून पूड भिजू देतात, मग भांडं भरतात आणि थेंब थेंब गळायची वाट बघतात. चार-पाच मिनिटं तरी जातात. माटुंग्याच्या उडप्याकडे फिल्टर कॉफी प्यायलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक असा, की आपल्याकडे हे गळणं आत स्वयंपाकघरात होतं आणि तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. ते थेंब बघत बसणं हा पिण्याचाच भाग आहे. मग ढवळून, बर्फ घालून पितात. त्याला म्हणतात 'का फे सुआ दा', म्हणजे कॉफी, दूध, बर्फ. सायगावात, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहरात, ही सगळ्यांची रोजची कॉफी. हनोईत दुधाच्या कॉफीला 'का फे नाउ', म्हणजे तपकिरी कॉफी म्हणतात.

हनोईत अंड्याची कॉफीही मिळते. ऐकून नाक मुरडू नका. १९४६ साली दुधाची टंचाई होती. तिथल्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान ज्यांग या माणसानं दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेसून कॉफीवर घातला. पुढे त्यानं स्वतःचं दुकान काढलं. ते जुन्या हनोईत अजून चालू आहे. कप गरम राहावा म्हणून गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. ह्वे शहरात चिमूटभर मिठाची कॉफी मिळते, ती गेल्या पंधरा-सोळा वर्षांतली. टंचाईतून आणि परक्यांच्या सवयीतून लोकांनी आपली चव घडवली. आपल्या बायकांनी शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि ताकातल्या कण्या रुचकर केल्या, तशातलीच ही गोष्ट.

आता बसण्याकडे येते. फुटपाथवर प्लास्टिकची बुटकी स्टुलं मांडलेली असतात, आपल्या न्हाणीघरात असतात तेवढीच. त्यावर बसलं की गुडघे छातीशी येतात. वयाप्रमाणे माझे गुडघे कुरकुरले, पण दोन दिवसांत सवय झाली. एक ग्लास २० ते ३० हजार डोंगला, म्हणजे आपले सत्तर ते शंभर रुपये. सायगावात त्याबरोबर थंड चहा फुकट येतो आणि तो संपला की पुन्हा भरून देतात. त्याचा अर्थ सरळ आहे, बस हवं तेवढं, कुणी उठवणार नाही. तिथं एका बागेत तर लोक स्टुलाशिवाय, जमिनीवर कागद अंथरून कॉफी पीत बसतात. बसणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास तरुण मुली होत्या. कुणी लॅपटॉप उघडून काम करत होती, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून गप्पा मारत होती, कुणी एकटीच समोर बघत बसली होती.

पहिल्या दिवशी मी हनोईत अशी बसले तेव्हा हातात पुस्तक उघडून धरलं होतं. वाचत नव्हते. आपण काहीतरी करतो आहोत असं दिसावं म्हणून धरलं होतं. चाळीस वर्षांची ही सवय आहे. एस.टी.ची वाट पाहताना, बँकेत, दवाखान्यात, बाईच्या हातात काहीतरी काम किंवा कारण असावं लागतं. तिसऱ्या दिवशी पुस्तक खोलीवरच राहिलं. माझ्याकडे कुणी टक लावून पाहिलं नाही, "सोबत कोण आहे" असं विचारलं नाही. पाऊण तास मी फक्त बसले होते. खूप आनंद झाला. हा आनंद मला साठीनंतर, परदेशात जाऊन मिळावा, याचा मागाहून रागही आला.

मुंबईबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी हाच मुद्दा मांडलेला आहे. 'व्हाय लॉइटर?' हे त्यांचं पुस्तक २०११ साली आलं. बाईला सार्वजनिक जागेत वावरू देतात ते कामापुरतं, शाळेपुरतं, खरेदीपुरतं, आणि तेही ती 'चांगल्या घरची' दिसत असेल तर. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मिळेल तेव्हाच ती त्या शहराची पुरती नागरिक होईल, असं त्या म्हणतात. आपल्या गावच्या हॉटेलांतली 'फॅमिली रूम' आठवा. पडद्यामागची ती जागा बाईच्या सोयीसाठी असते असं सांगतात. रस्ता दिसणारी, वारा येणारी बाहेरची बाकडी पुरुषांसाठी, हे मात्र कुणी सांगत नाही.

इथं थांबले तर ते प्रवासवर्णन होईल. आपण कार्यकर्त्या आहोत, त्यामुळे ग्लास धुतंय कोण हे बघायलाच हवं.

फुटपाथवरची ही दुकानं बहुतेक बायका चालवतात. हनोईत मी ज्या दुकानावर रोज जायचे तिथली बाई जवळच्या खेड्यातून आलेली, पन्नाशीची. बोलणं खुणांनी आणि फोनमधल्या भाषांतराच्या सोयीनं. तिथल्या भाषेत 'तू' किंवा 'तुम्ही' असा सरसकट शब्द वापरत नाहीत. वयाप्रमाणे नातं जोडूनच हाक मारतात. 'चि' म्हणजे मोठी बहीण, 'को' म्हणजे आत्या, 'बा' म्हणजे आजी. आपल्याला ताई, मावशी म्हणायची सवय, त्यामुळे हे लगेच जमलं. मी तिला "एम", म्हणजे धाकटी बहीण म्हणू लागले तेव्हा ती हसली आणि मला "चि" म्हणाली. पहाटे पाचला ती दुकान मांडते. थर्मास, बर्फाची पेटी, एकात एक घातलेली स्टुलं, सगळं एकटीनं आणायचं. दुपारी आवरतं घ्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा मांडायचं. दिवसभरात ती स्वतः किती वेळ बसते असं मी विचारलं. तिनं बोटांनी दाखवलं, जेवणापुरतं.

म्हणजे एका बाईच्या निवांत बसण्यासाठी दुसरी बाई उभी असते. हे मी तिथं बसलेल्या मुलींच्या विरोधात सांगत नाही. त्यांचं बसणं मला हवंच आहे. पण फुटपाथ नक्की कुणाचा, हा प्रश्न दोघींचा आहे. २००८ साली हनोईत अनेक रस्त्यांवर फेरीविक्रीला बंदी घातली गेली. २०१७ साली हो चि मिन्ह शहराच्या पहिल्या जिल्ह्यात फुटपाथ मोकळे करण्याची मोठी मोहीम झाली. शहर चकचकीत दिसावं म्हणून आधी हटवतात त्यांत या बायका असतात. आपल्या नगरपालिकांच्या गाड्या भाजीवाल्यांच्या पाट्या उचलतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका असाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या गावात ती समिती आहे का, असली तर तिच्यातल्या बायका कोण, हे इथून परत गेल्यावर विचारा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉफीची दुकानं तिथं नेहमीच बायकांसाठी खुली होती असं नाही. जुन्या पद्धतीच्या दुकानांत सकाळी अजून पुरुषच पेपर आणि बुद्धिबळ घेऊन बसलेले दिसतात. 'का फे ओम' नावाचा एक प्रकारही आहे. शब्दशः अर्थ, मिठीची कॉफी. अंधाऱ्या दुकानांत गरीब घरच्या, बहुधा खेड्यांतून आलेल्या मुलींना गिऱ्हाइकांजवळ बसवतात आणि कॉफीच्या नावाखाली त्यांच्या शरीराचा व्यापार चालतो. म्हणजे तोच शब्द, तेच पेय, पण तिथं बाई स्वतःसाठी बसलेली नसते. रस्त्यावरच्या स्टुलावर उजेडात बसलेली मुलगी आणि त्या दुकानातली मुलगी एकाच देशातल्या आहेत, हे विसरून कौतुक करता येणार नाही. शिवाय त्या देशात जन्माला येणाऱ्या दर १०० मुलींमागे १११ ते ११२ मुलगे जन्मतात. हे आकडे कशातून येतात हे महाराष्ट्रातल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध आपण लढलो आणि १९८८ साली देशातला पहिला कायदा इथं झाला.

मग ही कॉफी पिकते कुठे, ते बघायला मी मध्य डोंगराळ भागात गेले. डाक लाक प्रांतातलं बुओन मा थुओत हे कॉफीचं मुख्य शहर. ब्राझीलच्या खालोखाल व्हिएतनाम आज जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवतो आणि रोबस्टात तर तो पहिला आहे. हे सगळं ३०-४० वर्षांत झालं. १९८० साली पूर्व जर्मनीशी करार झाला. त्यांनी यंत्रं आणि पैसा द्यायचा, व्हिएतनामनं कॉफी द्यायची. झाडं भरात येईपर्यंत १९९० साली तो देशच नकाशावरून गेला. १९८६ मध्ये 'दोई मोई' नावाचं नवं आर्थिक धोरण आलं, शेती कुटुंबांकडे गेली, सपाटीवरचे लोक लाखांनी डोंगरात आले आणि जंगलाच्या जागी कॉफी लागली. २००१ च्या सुमारास जगात भाव कोसळले तेव्हा तीच कुटुंबं कर्जात बुडाली. २०२४ साली भाव किलोला एक लाख डोंगच्या वर गेला. कापूस आणि कांदा पिकवणाऱ्यांना हा पाळणा ओळखीचा आहे.

त्या डोंगरात मुळात राहणाऱ्या लोकांत एदे नावाची जमात आहे. त्यांच्यात वंश आईकडून चालतो. मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात, लग्नाची मागणी मुलीकडून जाते, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो आणि घर बहुधा धाकट्या मुलीकडे जातं. त्यांची लांबच लांब लाकडी घरं मी पाहिली. बाहेरच्या शिडीवर स्तनांची जोडी कोरलेली असते. मुलीचं लग्न झालं की घर वाढवायचं, अशी रीत होती. आपल्याकडे मुलगी झाली की काय होतं ते आठवून मी त्या शिडीपाशी बराच वेळ उभी राहिले.

पण कॉफी आली, तिच्यामागून जमिनीचे कागद आले, आणि कागदावर 'कुटुंबप्रमुख' असा रकाना होता. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पुरुषाचं नाव लागलं. बऱ्याच जमिनी तर बाहेरून आलेल्यांकडे गेल्या. त्या असंतोषातून २००१ साली डोंगराळ भागात मोठी निदर्शनंही झाली. जिथं आईकडून घर मिळायचं तिथंही सरकारी कागदानं बाईला मागे सारलं. पुढे २००३ च्या जमीन कायद्यानं नवरा-बायकोच्या सामायिक जमिनीच्या दाखल्यावर दोघांचीही नावं घालणं बंधनकारक केलं. या दाखल्याला तिथं 'लाल पुस्तक' म्हणतात. कॉफी तोडणं, वाळवणं, निवडणं यांत बाईचे हात सगळीकडे असतात. त्या पुस्तकात तिचं नाव आहे की नाही, यावर तिचं म्हातारपण ठरतं.

हे ऐकताना तुमच्या मनात सातबारा आला असेल. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि नंतर शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून गावोगाव सभा झाल्या. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. तरी आपल्यापैकी कितीजणींनी भावाला हक्कसोडपत्र लिहून दिलं आहे? हात वर करायला सांगत नाही. प्रत्येकीनं आपल्याशीच मोजावं.

नाव कागदावर असलं तरी सत्ता येतेच असं नाही, याचंही उदाहरण त्याच कॉफीत आहे. बुओन मा थुओतला १९९६ साली सुरू झालेली 'चुंग न्गुयेन' ही तिथली मोठी कॉफी कंपनी. ती पतीपत्नींनी मिळून वाढवली. पुढे घटस्फोटाचा खटला झाला, देशभर गाजला. २०१९ साली न्यायालयानं कंपनीतल्या सामायिक हिश्श्याची वाटणी पतीला ६० आणि पत्नीला ४० टक्के अशी केली. शेअर सगळे पतीकडे राहिले, पत्नीला तिच्या भागाचे पैसे रोख मिळायचे. ले होआंग झिएप थाओ हे त्या बाईंचं नाव. त्यांनी २०१६ मध्येच स्वतःची वेगळी कॉफी बाजारात आणली होती. त्या धनाढ्य आहेत, त्यांची काळजी आपण करायला नको. पण दोघांनी उभ्या केलेल्या धंद्यात 'मुख्य' कोण आणि 'मदतीला' कोण, हे ठरवायची वेळ आली की काय होतं, ते बघण्यासारखं आहे. किराणा दुकानात नवऱ्याबरोबर २५ वर्षं गल्ल्यावर बसलेल्या बायका आपल्या केंद्रावर येतात, तेव्हा त्यांच्या हाती काय असतं? रोख ४० टक्के तर सोडाच, दुकानाच्या लायसनवर त्यांचं नावही नसतं.

आता चैनीच्या प्रश्नाकडे येते. आपण बाईच्या दुःखाबद्दल बोलायला शिकलो आणि ते आवश्यक होतं. पण आपली मागणी फक्त दुःख कमी व्हावं एवढीच राहिली, तर सुखाचा हिशेब पुरुषांकडेच राहतो. मार थांबला, रेशन मिळालं, म्हणजे बाईचं भागलं, असं जग म्हणतं. आपण तसं म्हणू नये. थोडा रिकामा वेळ, हाती थोडे स्वतःचे पैसे, आणि चार लोकांत निर्धास्त बसण्याची जागा, हेही तिच्या हक्काचं आहे. या तीन गोष्टी जमून आल्या की एक ग्लास कॉफी होते. यांतली एक जरी नसेल तरी ती होत नाही. घरकामातून सुटका नसेल तर वेळ नाही, जमिनीवर आणि धंद्यावर नाव नसेल तर पैसे नाहीत, रस्ता आपला नसेल तर जागा नाही. आपण सकाळपासून ज्यावर बोलतो आहोत ते सगळं यात आलं.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक गटानं आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. पाच-सहाजणींनी आपल्या गावातल्या टपरीवर जायचं, आत पडद्यामागे नाही, बाहेरच्या बाकड्यावर. अर्धा तास बसायचं. बोर्ड नको, घोषणा नकोत, कार्यक्रमपत्रिका नको. चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, पैसे आपले आपण द्यायचे. टपरीवाली बाई असेल तर तिलाही बाकड्यावर जागा करून द्यायची आणि ग्लास एकीनं विसळायचे. सुरुवातीला लोक बघतील. दोनचार जण घरी येऊन सांगतील. सांगू देत. त्यांना उत्तर तयार ठेवा, की चहा घरातही मिळतो, पण आम्ही इथं बसायला आलो आहोत. तीन महिन्यांनी, पुढच्या बैठकीत, कुठे काय झालं ते सगळ्यांनी सांगायचं. आमच्या गावात येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता एस.टी. स्टँडसमोर सुरुवात करतोय. त्या मुलीलाही बोलावलं आहे. आई तिला घेऊन येते म्हणाली आहे.